मॅडमच्या कानातला ठिपका

सिस्टर मांजराला अहो-जाहो करायच्या. कुत्र्यालाही. माणसाला मात्र त्याचं वागणं बघून.

मांजरीचं नाव मॅडम आणि कुत्र्याचं कंपाउंडर. अशी नावं काहून, असं मी राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. सिस्टर ओट्यावर बसून तूर पाखडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ही खुर्चीवरून उठत न्हाई, काम काय करती ते कुणाला ठावं न्हाई, पण समदे तिला बिचकून राहतात. म्हणून मॅडम. अन् ह्ये दिवसभर माझ्या मागं मागं फिरून राहते, उपेग काडीचा न्हाई. म्हणून कंपाउंडर."

सिस्टरांची सगळी नोकरी आरोग्य केंद्रांत गेली होती. वाड्या-तांड्यांवर पायी जायचं, लेकरांना डोस पाजायचे, सुया द्यायच्या, अडलेल्या बाया सोडवायच्या. साहेबलोकांशी जे काय बोलायचं राहून गेलं होतं ते त्यांनी रिटायर झाल्यावर असं जनावरांच्या नावात बोलून घेतलं.

मी तेव्हा सेनगावात एका शाळेत कारकून म्हणून नुकताच लागलो होतो. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत सिस्टरांचं पत्र्याचं घर, त्यातली रस्त्याकडची खोली द्यायची आहे असं कळलं म्हणून गेलो. त्यांनी गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. अंगणातल्या बाजेवर बसवलं आणि आत निघून गेल्या. कंपाउंडर आला. त्यानं चपला हुंगल्या, पँट हुंगली आणि माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपला. पाय हलवावा की नाही ते मला कळेना. तसाच बसून राहिलो. बऱ्याच वेळानं सिस्टर चहा घेऊन आल्या.

"पाय काहून हलवला न्हाई?"

"झोपलाय म्हणून."

"मग सामान आणा," म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी किरायदार. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. अहो किरायदार, भाकर गरम हाय. किरायदार, केस वाढले, माणसात या. असं.

वर्षातला एक सोमवार सुयांचा असे. जयंतीला घर धुऊन, दारावर निळ्या पताका लावून, गल्लीतल्या पोरींबरोबर मिरवणुकीत नाचून झालं की त्याच्या पुढचा सोमवार. सकाळीच अंगणातल्या कडुलिंबाला झोळीचा काटा टांगला जायचा. अंगणवाडीत लेकरं तोलायला असतो तो. दवाखान्यानं भंगारात काढलेला सिस्टरांनी मागून आणला होता. मॅडम झोळीत बसायच्या, चेहरा असा की जणू पालखीतच बसल्यात. कंपाउंडर झोळीत मावायचा नाही. त्याचे मागचे पाय जमिनीला टेकलेलेच राहायचे, तरी सिस्टर गंभीरपणे काट्याकडं बघून "वाढलं" म्हणायच्या. मग दात, हिरड्या, कान, पोट.

"मॅडम, हिरड्या पांढऱ्या दिसून राहिल्या. जंताचं औषध घ्या लागंल."

एवढं झालं की माझ्याकडं वळायच्या. "किरायदार, जीभ दाखवा." मी दाखवायचो. काय करणार.

मग दवाखान्याकडं मिरवणूक निघायची. कंपाउंडर सुती दोरीला बांधलेला आणि मॅडम निळ्या पेटीत. पूर्वी लशी बर्फात घालून गावोगाव न्यायला जी मोठी पेटी असायची, ती. तिचं झाकण तुटलं होतं, तिथं मच्छरदाणीचं कापड नाडीनं बांधलेलं. ती पेटी साऱ्या सेनगावाला माहीत होती. पेटी दिसली की सिस्टर मागं कुठंतरी असणारच.

जनावरांचा दवाखाना म्हणजे खरंतर म्हशी, बैल, शेळ्या-मेंढ्यांचा. तिथं मांजर घेऊन रांगेत उभं राहणारी बाई म्हणजे लोकांची करमणूकच. पहिल्या वर्षी तिथले डॉक्टर म्हणाले होते, "बाई, हा जनावरांचा दवाखाना आहे." सिस्टर म्हणाल्या, "मग ह्ये काय पाहुणे हायेत?" पुढं डॉक्टर बदलले, पण प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही. रांगेतला एखादा म्हातारा डिवचायचा, "सिस्टर, मांजर दूध किती देती?" त्या लगेच म्हणायच्या, "तुमची म्हैस उंदरं किती धरती ते सांगा आधी." दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर मात्र त्यांचे भक्त. पेटी फाटकात दिसली की आतूनच ओरडायचे, "आली, सिस्टरची मॅडम आली, वाट द्या," आणि सिस्टरांचं आडनाव घेऊन नमस्कार घालायचे. मोठ्यानं. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा.

सुई झाली की सिस्टर पर्समधून जांभळं पेन काढायच्या. पोलिओच्या डोसानंतर लेकरांच्या करंगळीला खूण करतात ना, तशी खूण. कंपाउंडरच्या डाव्या पायाच्या नखाला, मॅडमच्या कानात आतल्या बाजूनं एक ठिपका. मी एकदा विचारलं, घरातलंच जनावर, त्याला खूण कशाला? तर म्हणाल्या, "खूण न्हाई तर डोस न्हाई. तोंडच्या बोलण्यावर मी नोकरीत कधी इश्वास ठिवला न्हाई. आया खोटं बोलतात, सरपंच खोटं बोलतो. शाई खोटं बोलत न्हाई."

हा सगळा खटाटोप कशापायी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी त्या ज्या केंद्रात होत्या तिथं एका बाईला आणलं होतं. पिसाळलेलं कुत्रं चावून बरेच दिवस झालेले. घरच्यांनी झाडपाला बांधला, अंगारा लावला, सुईला नेलं नाही. "मी तांब्या पुढं केला तर ती बाई भिताडाला चिकटली. तहान लागलेली, अन् पाण्याला भेऊन राहिलेली. मी मरताना लई माणसं पाहिली, पण तशी तहान न्हाई पाहिली." एवढं बोलून त्या उठल्या आणि मॅडमच्या वाटीतलं पाणी बदलून आल्या.

मी बोलायला कमीच. घरी, शाळेत, सगळीकडं. सिस्टरांना त्याचा त्रास व्हायचा. "सुई दिल्यावर रडणाऱ्या लेकराला मी भीत न्हाई. गप लेकराचं भ्याव वाटते मला. आत काय चाललंय कळत न्हाई." हे त्या माझ्या ताटात भाकर टाकता टाकता म्हणायच्या. मी मान खाली घालून जेवायचो. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, वर तिळाची चटणी. आणि माझ्या आत काय चाललेलं असायचं ते आता सांगतो. इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा अर्धंच.

सिस्टर बौद्ध. आम्ही धनगर. डोंगराकडच्या एका वाडीत आमची मेंढरं, थोडं रान, माणसांचं मोठं खटलं. मी शहाण्यासारखा शिकलो, नोकरीला लागलो, आणि घरी सांगितलं की एका रिटायर सिस्टरची खोली घेतलीय. आईनं विचारलं, "कोण हाय ती? आडनाव काय?" मी म्हणालो, "इचारलं न्हाई." तेव्हा खरंच विचारलं नव्हतं. नंतर कळलं तरी मी ते घरी पोचू दिलं नाही. जेवायला कुठं? खानावळीत. सणाला घरी गेलो की आई म्हणायची, खानावळीचं खाऊन बी अंगाला लागलं लेकराच्या. मला तेव्हा सिस्टरांची भाकर आठवायची. पण मी बोललो नाही. न बोलणं मला येत होतंच.

मग ते वर्ष आलं.

जयंतीच्या मिरवणुकीत डीजे असा वाजला की मॅडम पत्र्यावर जाऊन बसल्या त्या सुयांच्या सोमवारीही उतरल्या नाहीत. सिस्टर नुसत्या कंपाउंडरलाच सुई देऊन आल्या. त्याच आठवड्यात त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नांदेडला भाचीकडं जायचं होतं. जाताना त्यांनी जांभळं पेन माझ्या खिशात अडकवलं.

"किरायदार, मॅडम उतरल्या की नेऊन आणा. अन् खूण इसरू नका."

मॅडम उतरल्या. मी त्यांना पेटीत घातलं, नाडी बांधली आणि निघालो. दवाखान्याच्या फाटकापाशी पोचलो तर आत रांगेत माझे काका. शेळ्या घेऊन आलेले, शेजारी आमच्या वाडीची अजून दोन माणसं. काकांनी मला पाहिलं नव्हतं. मी पेटीकडं पाहिलं. आत गेलो की ड्रेसर ओरडणार, आडनाव घेणार. काका विचारणार, कुणाची मांजर, तुझ्याकडं कशी. आणि मग खानावळ, घरमालकीण, सगळंच उघडं पडणार. काकांनी मान वळवली. मी पेटी पोटाशी धरून फाटकाजवळच्या चिंचेच्या झाडाआड झालो आणि मागच्या मागं परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी जाऊ म्हटलं. शाळेत परीक्षेचं काम निघालं. मग म्हटलं पुढच्या आठवड्यात. तेवढ्यात सिस्टरांचा फोन आला, उद्या येऊन राहिले. तेव्हा मी ते केलं. मॅडमला मांडीवर घेतलं, कान उलटा केला आणि ठिपका दिला. स्वतःला सांगितलं, आज ठिपका, सोमवारी सुई. नुसता क्रम बदललाय.

सिस्टर आल्या त्या डोळ्याला काळा चष्मा लावून. अंगणातच चष्मा वर केला, मॅडमचा कान बघितला आणि हसल्या. "किती लखलखीत दिसून राहिलं हो किरायदार. लई वर्षांनी खूण अशी बराबर दिसली मला."

नव्या डोळ्यानं त्यांनी पाहिलेल्या पहिल्या काही गोष्टींतली एक माझं खोटं होतं. त्यानंतर सोमवार आले आणि गेले.

पावसाळ्यात, सोयाबीन फुलात आलं तेव्हा, मॅडम जाड दिसायला लागल्या. सिस्टरांनी अवेळी काटा टांगला, वजन बघितलं आणि दूध अर्धं केलं. "बसून बसून चरबी चढली." काही दिवसांनी पुन्हा तोलायला उचललं तर मॅडमनी वळून त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी कडकडून चावा घेतला आणि भिंतीवरून पसार झाल्या. खोल चावा. सिस्टरांनी नळाखाली हात धरला आणि साबण लावून लावून धूत राहिल्या. बादली भरून सांडली तरी त्या धूतच होत्या.

"सिस्टर, सरकारी दवाखान्यात जाऊन येऊ," मी म्हणालो.

"काहून? मॅडमची सुई झाली हाय. घरातली हाय, डोळ्यासमोर हाय. दहा दिवस नजर ठिवू."

पण मॅडम डोळ्यासमोर राहिल्या नाहीत. त्या रात्रीही आल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. आणि त्याच सुमारास बाजाराकडं एक कुत्रं पिसाळल्याची बोलवा उठली. कुणाच्या शेळीला चावलं, कुणाच्या मांजराला फाडलं, असं काहीबाही लोक सांगत होते.

मी पुन्हा म्हणालो, "तरी पण घेऊन टाका की इंजेक्शन. तुमीच दुसऱ्याला सांगता."

"दुसऱ्याच्या मांजराचं मला काय ठावं? मॅडमच्या कानातली खूण मी ह्या डोळ्यानं पाहिली." मग माझ्याकडं बारीक नजरेनं बघत, "तुमी काहून एवढे भेऊन राहिले? चावलं मला, पांढरे तुमी पडले."

मी शाळेला निघालो. स्टँडपर्यंत गेलो. तिथं एक बाई नळावर लेकराला पाणी पाजत होती. ते लेकरू घटाघटा पीत होतं, पाणी गळ्यावरून ओघळत होतं. मी तिथंच थांबलो. मला भिताडाला चिकटलेली ती बाई दिसायला लागली, आणि तिचं तोंड सिस्टरांचं.

परत आलो. सिस्टर धुणं वाळत घालत होत्या.

"सिस्टर, मॅडमच्या कानातली खूण मी केली."

"मीच सांगितली होती की करायला."

"सुई न देता केली."

त्यांच्या हातात माझाच शर्ट होता. तो त्यांनी झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला. मग केसपेपर लिहून घ्यावा तशा आवाजात विचारलं, "दवाखान्यात गेले होते का गेलेच न्हाई?"

"फाटकापस्तोर गेलो."

"सुई अजिबात न्हाई?"

"न्हाई."

"बरं. चपला घाला. बाकीचं मग."

सरकारी दवाखान्यात सिस्टरांना ओळखत नाही असं कुणी नव्हतं. खुर्ची देऊ लागले तर त्या रांगेतच उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली आणि मी एक नवलच पाहिलं. सगळ्या तालुक्याला सुया दिलेली ती बाई सुई बघून तोंड फिरवून बसली. माझं मनगट धरलं आणि असं दाबलं की त्यांच्या बोटांचे वळ उठले. जखमेतही एक सुई द्यावी लागली. तेव्हा त्या "आई गं" म्हणाल्या, अगदी हळू. ती नर्स वयानं लहान होती. म्हणाली, "सिस्टर, तुम्हीच आम्हाला शिकवलं, मांजर घरची असो का दारची, चावलं की आधी सुई." सिस्टर म्हणाल्या, "व्हय गं बाई. शिकवणं येगळं असतंय."

बाहेर बाकड्यावर बसलो. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आता सांगा. काहून? मांजरीला भेता तुमी?"

इथं मला पळवाट होती. हो म्हणालो असतो तर तिथंच संपलं असतं. त्यांनीच दार उघडून ठेवलं होतं. पण एक खोटं टाकून दुसरं पोटात घेऊन फिरायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी सांगितलं. काका रांगेत होते, पेटी साऱ्यांना माहीत आहे, ड्रेसर तुमचं आडनाव घेतात. घरी मी खानावळीत जेवतो असं सांगितलंय. सगळं. सांगताना मी समोरच्या पाण्याच्या टाकीकडं बघत होतो.

सिस्टरांनीही टाकीकडंच बघितलं. मग त्या बोलल्या ते माझ्याशी कमी आणि त्या टाकीशी जास्त.

"मी डोंगराकडच्या साऱ्या वाड्या पायानं केल्या. उन्हाची जायची. पाणी मागितलं तर काही घरं तांब्या वरून ओतायची, मी ओंजळ धरायची. पण लेकरू? लेकरू आणून माझ्या मांडीवर द्यायची तीच बाई. सुईपुरती माझी मांडी चालायची. मला राग यायचा, पण वाटायचं, लेकरू तर वाचतंय." मग वळून माझ्याकडं बघितलं. "तुमचं उलटं झालं हो किरायदार. माझ्या ताटात जेवले अन् सुईला लाजले."

मला रडू आलं. मोठ्या माणसासारखं नाही, नाक वाहतं तसलं.

"तुमच्या वाडीला बी आलेली हाय मी," त्या म्हणाल्या. "तुमचं घर कोणतं ते मी कधी इचारलं न्हाई. ठावं करून घ्यायचं न्हाई मला."

मग उठल्या. "चला. रडले तुमी, आता मला भ्याव न्हाई." घरापर्यंत त्या पुढं आणि मी मागं. त्या दिवशी जेवायला बोलावणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. भाकरीचा वास आला, पण हाक आली नाही. मी खोलीत बसून राहिलो. शेवटी हाक आली ती अशी, "काय हो, ताट घेऊन दारात यावं का मी आता?"

मॅडम सापडल्या त्या शेजारच्यांच्या तुराट्यांच्या गंजीत. कंपाउंडर दोन दिवस त्या गंजीभोवती घुटमळत होता, पण त्याचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. शेवटी शेजारीण चुलीला तुराट्या ओढायला गेली आणि ओरडत आली. सिस्टर धावल्या. आत मॅडम आडव्या, पोटाशी पिल्लं. मॅडम पाणी पीत होत्या, दूध पीत होत्या, अंग चाटत होत्या, आणि आमच्याकडं बघून कंटाळल्यासारख्या डोळे मिटत होत्या. सिस्टर तिथंच चिखलात बसल्या आणि हसत सुटल्या. हसता हसता डोळ्याला पदर लावला.

"सारी हयात बाळंतपणं केली मी. घरच्या बाईचं पोट दिसलं न्हाई. वर दूध कमी केलं तिचं! चावंल न्हाई तर काय करंल?" मग गंजीत तोंड घालून, "चुकलं हो मॅडम. लई चुकलं."

माझा जीव तेव्हा भांड्यात पडला. मी गंजीला टेकून उभा राहिलो. मॅडम धडधाकट राहिल्या. सिस्टरांनी तरीही सुयांचा कोर्स पुरा केला, कारण सुरू केलेला कोर्स मधी सोडत नसतात. प्रत्येक वेळी मला बरोबर नेलं. मनगट धरायला.

पुढं बऱ्याच वर्षांनी सिस्टर नांदेडला भाचीकडं राहायला गेल्या, आणि गेल्या वर्षी तिथंच वारल्या. वयानं. झोपेत. दुसऱ्या कशानंही नाही. भाचीचा फोन आला तेव्हा मला दुःख झालं, पण खरं सांगायचं तर त्याआधी क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, की या मरणात माझा हात नाही. असं वाटणं बरं की वाईट ते मी ठरवलेलं नाही. हे लिहायला बसलो ते त्या फोननंतर.

पण एक सांगायचं राहिलं.

पिल्लं जरा मोठी झाल्यावर मॅडमच्या राहिलेल्या सुईचा विषय निघाला. सिस्टर म्हणाल्या, "तुमी न्या. बाजाराच्या दिवशी." बाजाराच्या दिवशी आमच्या वाडीची माणसं सेनगावात असतात हे त्यांना ठाऊक होतं. मी मान हलवली. काका भेटतीलच असं नव्हतं. मी वाटेत देवाला म्हणालो, भेटू नयेत. आणि मग म्हणालो, भेटले तर बरं.

काका होते. दोन शेळ्या घेऊन, चिंचेच्या सावलीत. मी सरळ त्यांच्या मागं जाऊन रांगेत उभा राहिलो.

"आरं, तू व्हय? शाळा सोडून इथं काय करून राहिला? अन् ह्ये काय?"

"मांजर हाय, काका. सुई द्यायची."

"मांजराला सुई?" काका शेजारच्याकडं बघून हसले. "पगार लई झाला वाटतं. कुणाची हाय?"

तेवढ्यात ड्रेसर दारात आले. पेटी दिसली आणि त्यांनी नेहमीसारखी आरोळी दिली, "आली, सिस्टरची मॅडम आली. आज सिस्टर कुठं हायेत?"

"कोणती सिस्टर?" काकांनी विचारलं.

मी सिस्टरांचं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट. ड्रेसरांइतक्या मोठ्यानं नाही, पण रांगेला ऐकू जाईल असं. "माझ्या घरमालकीण. मी त्यांच्याकडं राहतो. जेवतो बी त्यांच्याकडंच. खानावळीत कधी गेलोच न्हाई मी."

काकांनी शेळीच्या गळ्यातली दोरी हाताला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"तुझ्या मायला ठावं हाय?"

"येत्या रविवारी येऊन सांगतो."

काका शेळ्या ओढत पुढं सरकले. त्यांची पाळी आली, शेळ्यांना सुया झाल्या. मग माझी. मॅडमनी टेबलावर पंजे रोवले आणि फिस्कारायला लागल्या. मी त्यांना पोटाला धरलं होतं. दारातून काकांचा आवाज आला, "मानंच्या कातड्याला धर तिला. तशी काय धरतो बावळटासारखी." मी धरलं. सुई झाली. मागं वळून पाहिलं तर काका फाटकातून बाहेर पडत होते. एरवी बाजारात भेटले की चहाला चल म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले नाहीत. पुढं किती तरी दिवस म्हणाले नाहीत, आणि त्या रविवारी आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पण ताट वाढलं.

मी घरी आलो तेव्हा सिस्टर ओट्यावर वाट बघत होत्या. वाट बघत नसल्यासारखं दाखवत.

"झाली?"

"झाली."

"काका होते?"

"होते."

"मग?"

"काका शेळ्या घेऊन त्यांच्या घरी गेले, मी मॅडमला घेऊन आपल्या घरी आलो."

सिस्टरांनी पेटीची नाडी सोडली. मॅडम बाहेर आल्या, अंग ताणलं आणि आमच्याकडं न बघता पिल्लांकडं निघून गेल्या. सिस्टर उठल्या. म्हणाल्या, "हात धुवा साबणानं. जेवायला वाढते."